मधल्याच्या ताब्यातलं फिरतं घर

माझ्या आईला दोन भाऊ. धाकट्याची लाडाची नावं इतकी की त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाही लग्नाच्या दिवशीच कळलं असावं. मधल्याला मात्र सगळे नुसतं मधला म्हणत, आणि आम्ही पोरं मधलेमामा. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. उंच, काटकुळा, बोलायला भलताच महाग. कुठल्याही इमारतीत शिरला की आधी मान तिरकी करून लिफ्टचा आवाज ऐकायचा आणि मग जिन्याने वर जायचा. "स्वतः लिफ्टवाला असून जिना?" असं कुणी विचारलं की म्हणायचा, "आज सुट्टी आहे."

त्याने लग्न केलं नाही. का नाही, याबद्दल आमच्याकडे कधी चर्चा झाली नाही. दीड खोलीत राहायचा. खोलीत एक पलंग, एक खुर्ची आणि भिंतीला टांगलेले पाने, स्क्रू ड्रायव्हर, पकडी. आई म्हणायची, त्याच्याकडे चमचे कमी आणि पाने जास्त.

फिरत्या घराची कल्पना धाकट्याची. तो फरश्या विकायचा आणि दिवसभर लोकांच्या अर्ध्या बांधलेल्या घरांतून हिंडायचा. अशाच एका गिऱ्हाईकाच्या अंगणात त्याला तो ट्रेलर दिसला. दोन चाकांचा, मळकट पांढरा, बाजूला दार. आत छोटा ओटा, टेबल खाली केलं की होणारा पलंग, मागच्या अंगाला दुसरा पलंग आणि त्याच्यावर पोरांसाठी फळी. "गाडीमागे जोडायचा आणि निघायचं. हॉटेल नको, कुणाचे उपकार नकोत," असं म्हणत त्याने दोघा भावंडांच्या गळी उतरवलं आणि तिघांनी मिळून तो घेतला. पहिल्याच उन्हाळ्यात धाकट्याने तो पेट्रोल पंपावर मागे घेताना हवा भरायच्या यंत्राला नेऊन भिडवला. पंपावरच्या माणसांनी जे ऐकवलं त्यानंतर त्याचा उत्साह जो ओसरला तो ओसरलाच.

तेव्हा मधला म्हणाला, "मी बघतो."

त्या दोन शब्दांवर पुढची कित्येक वर्षं गेली. धाकट्याच्या ओळखीने एका बंद गोदामामागची मोकळी जागा मिळाली होती. तिथे ट्रेलर ताडपत्रीखाली उभा असायचा आणि रविवारी मधला त्याच्याभोवती. शिडी लावून छतावर चढायचा आणि प्रत्येक सांध्यावरून बोट फिरवत जायचा. सांध्यात भरलेल्या सीलंटला केसाएवढी भेग दिसली तरी जुनं खरवडून नवं भरायचा. "पाणी आत आलेलं दिसतं तेव्हा येऊन वर्ष झालेलं असतं," हे त्याचं आवडतं वाक्य. चाकं काढून बेअरिंग धुवायचा, ग्रीस भरायचा. टायरची नक्षी अजून ठसठशीत असतानाही त्याने एकदा दोन्ही टायर बदलले तेव्हा आई चिडली होती. "अरे, नवेकोरे दिसतायत!" तो म्हणाला, "दिसतायत. उभ्या उभ्या रबर म्हातारं होतं, ताई. नक्षीवरून त्याचं वय कळत नाही." आईने तेव्हापासून आरशात बघताना हे वाक्य स्वतःला लागू करायला सुरुवात केली.

मोठ्या सुट्टीत एक आठवडा आमचा, एक आठवडा धाकट्याचा. ट्रेलर न्यायचा मात्र मधल्याने, त्याच्या जुन्या जीपला जोडून. निघायच्या आधी त्याचं जे चालायचं ते बघत बसणं हा आम्हा पोरांचा एक खेळच होता. जीपच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर ट्रेलरच्या दांड्याचं तोंड बसवायचं, कडी लावायची, मग जॅकने दांडा वर उचलून बघायचा. जीपचा मागचा भाग सोबत उचलला गेला म्हणजे पकड पक्की. दांड्याखालून साखळ्या एकमेकींवरून तिरक्या घ्यायच्या, म्हणजे दांडा सुटलाच तरी जमिनीवर न पडता त्या झोळीत पडेल. मग दिव्यांची वायर. "ब्रेक दाबतो, मागे लाल लागतोय का बघ." आम्ही ओरडायचो, "लागतोय!" "डावा?" "लागतोय!" "उजवा?" मुद्दाम "नाही!" म्हणून ओरडलं की तो खरंच उतरून यायचा. थट्टा त्याला कळायची नाही असं नाही; पण दिव्याच्या बाबतीत त्याला ती परवडत नसे.

थोडं अंतर गेल्यावर तो थांबायचा आणि चाकांचे नट पुन्हा आवळायचा. पोहोचल्यावर आधी चाकांना लाकडी ठोकळे, मगच दांडा सोडायचा. ट्रेलर सपाट उभा आहे की नाही ते ओट्यावर पाण्याची बशी ठेवून पाहायचा. गॅस जोडायचा, पाणी भरायचा, दार दोनदा उघडून मिटून बघायचा, किल्ली आईच्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, "निघतो."

"चहा तरी घे."

"नको. अंधाराच्या आत पोचतो."

आणि रिकामी जीप घेऊन तो परत जायचा. आठवडा संपला की हजर. इतक्या वर्षांत तो त्या घरात एकदाही झोपला नव्हता. त्याला घरच्याच उशीवर झोप लागते, फिरण्याची त्याला आवड नाही, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. एकदा धरलं की मग विचारायचं राहूनच जातं.

मी कॉलेजात होते त्या वर्षी ते घडलं. धाकट्याचा आठवडा होता. सामान भरून झालेलं, पोरं दारात उड्या मारतायत, आणि मधल्याला फोन आला. एका प्रसूतिगृहाची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती आणि आत एक बाई होती. त्याने धाकट्याला सांगितलं, "मी येईपर्यंत थांब. दुपारी निघू."

धाकटा तासभर थांबला. मग त्याचा संयम सुटला. "मला काय येत नाही? मीही बघितलंय ना इतकी वर्षं." त्याने ट्रेलरला स्वतःची गाडी जोडली. ती जीपपेक्षा बरीच हलकी होती. जोडणी त्याने बरोबर केली, साखळ्यासुद्धा तिरक्या घेतल्या. पण वाटेत एका गिऱ्हाईकाला फरश्यांचे खोके पोचवायचे होते, ते त्याने मागच्या पलंगाखाली ढकलले. पोरांच्या सायकली मागच्या बाजूला बांधल्या. पाण्याची टाकी मागेच होती, ती काठोकाठ भरली.

उतारावर एक मोठा ट्रक बाजूने निघून गेला आणि त्याच्या वाऱ्याने ट्रेलरचं शेपूट हललं. आधी थोडंसं, मग जास्त. मागे वजन आणि पुढचा दांडा हलका, त्यामुळे एकदा हललेलं थांबेचना. ट्रेलर मागून गाडीला डावीकडे-उजवीकडे झोडायला लागला. धाकट्याने घाबरून जोरात ब्रेक दाबला. नको तेच केलं. गाडी अडली, ट्रेलरचा जोर अडला नाही. तो मागून ढकलत पुढे आला, आडवा झाला आणि गाडीला ओढत रस्त्याकडेच्या झुडपांत घेऊन गेला.

पोरांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. धाकट्याच्या ओठाला टाके पडले. त्याच्या बायकोचं, म्हणजे आमच्या मामीचं, खांद्याजवळचं, गळ्याखालचं हाड मोडलं.

ही मामी पोहायला शिकवायची. सार्वजनिक तलावावर सकाळ-संध्याकाळ तिच्याकडे लहान मुलांचे गट असत. आवाज असा की या टोकाला ओरडली तर त्या टोकाचं पोर पाय मारायला लागायचं. आता तिचा हात गळ्यात अडकवलेला आणि काही महिने पाण्यात उतरायचं नाही असं डॉक्टरांचं सांगणं.

मधला तिथे पोचला तेव्हा ट्रेलर कुशीवर पडला होता आणि मागच्या खिडकीतून फरश्यांचे तुकडे बाहेर सांडले होते. धाकटा त्याच्याकडे बघायलाच तयार नव्हता. सगळ्यांना वाटलं, आता हा बोलणार. मधला खाली बसला, एक तुकडा उचलला, उलटा करून पाहिला आणि परत ठेवला. मग क्रेनवाल्याशी बोलायला गेला. त्या दिवशीच काय, नंतरही त्याने एक शब्द काढला नाही. धाकटा आईला म्हणाला, "शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं."

आमच्या घरी बैठक झाली. धाकट्याचं म्हणणं, भंगारात द्या, मला ते डोळ्यासमोर नको. आई म्हणाली, जीव वाचले, आता पुरे. मधला खुर्चीच्या कडेला बसून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "सांगाडा सरळ आहे. मी बघतो."

पुन्हा तेच दोन शब्द. पुन्हा रविवारी गोदामामागे हातोडीचे आवाज.

एका रविवारी मामी मला सोबत घेऊन तिथे गेली. एका हाताने डबा धरवत नव्हता म्हणून मला नेलं होतं. मधला ट्रेलरच्या बाजूचा पत्रा बसवत होता. मामीने आजूबाजूला पाहिलं, उलट्या बादलीवर बसली आणि सरळ विषयाला हात घातला.

"भाऊजी, त्या दिवशी काय चुकलं ते मला सांगा."

"झालं गेलं," तो पत्र्याकडे बघत म्हणाला.

"झालं गेलं नाही. माझं हाड मोडलंय. मला कळलं पाहिजे."

त्याने पाना खाली ठेवला. मग त्याने सांगितलं. जड सामान चाकांच्या वर आणि थोडं पुढे हवं. एकूण वजनाचा दहावा हिस्सा, किंवा त्याहून जरा जास्त, पुढच्या दांड्यावर पडला पाहिजे. वजन मागे गेलं की दांडा वर उचलला जाऊ बघतो आणि शेपूट गाडीला हलवायला लागतं. हलायला लागलं तर ब्रेक दाबायचा नाही. अॅक्सिलरेटरवरचा पाय काढायचा, स्टेअरिंग सरळ धरायचं, आणि गाडीला आपसूक हळू होऊ द्यायचं. तो इतकं सलग बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

मामी सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "हे तुम्हाला किती वर्षांपासून माहीत आहे?"

"पहिल्यापासून."

"आणि आम्हाला?"

त्याने खाली ठेवलेला पाना उचलून परत जागच्या जागी ठेवला.

"आम्ही सगळ्यांनी तुमच्याकडे नुसतं बघितलं, भाऊजी. तुम्ही दांडा जोडताना बघितलं, साखळ्या लावताना बघितलं. पण कधी हात लावू दिलात? मी एकदा सामान भरायला लागले तर म्हणालात, राहू दे, मी बघतो. काय कुठे ठेवायचं ते तुम्ही ठेवायचात, का ते सांगायचा नाहीत. यांना वाटलं, साखळ्या लावल्या म्हणजे झालं. वजनाचं काय असतं ते त्या माणसाला ठाऊकच नव्हतं. मी त्यांची बाजू घेत नाही. थांबायला सांगितलं होतं, थांबले नाहीत. पण माझ्याकडे पोरं येतात ना, त्यांना मी जन्मभर पोटाखाली हात देऊन धरून ठेवलं, तर ती माझ्यासमोर बुडणार नाहीत. मी नसेन तेव्हा बुडतील."

मला वाटलं, आता हा उठून जाणार. मामीलाही तसं वाटलं असावं, कारण ती जरा मऊ आवाजात म्हणाली, "मी जास्त बोलले का?"

मधल्याने खिशातून फडकं काढून हात पुसले. एकेक बोट, सावकाश. "नाही," तो म्हणाला. मग फडक्याची घडी करत, "मी केलं की नीट व्हायचं. आणि मग तुम्ही सगळे मला बोलवायचात. न शिकवण्यात ते पण असेल."

हे कबूल करणं त्याला किती जड गेलं असेल, ते मला आता माझ्या वयात कळतं. तेव्हा मी फक्त डब्याचं झाकण उघडून त्याच्यापुढे धरलं. त्याने जेवायला सुरुवात केली आणि मामी म्हणाली, "खांदा बरा झाला की मी शिकणार. तुमच्या जीपवर."

शिकवणं हे काम मधल्याच्या स्वभावात अजिबात बसत नव्हतं. पहिल्या दिवशी मामी ट्रेलर मागे घेत होती आणि हा खिडकीतून हात घालून स्टेअरिंगच फिरवायला गेला. "उजवीकडे! उजवीकडे!"

"कुणाच्या उजवीकडे? माझ्या, तुमच्या की ट्रेलरच्या?"

"उजवीकडे म्हणजे उजवीकडे!"

तोवर ट्रेलर जीपशी काटकोन करून उभा. मामी खाली उतरली, दार बंद केलं आणि तलावावरच्या आवाजात म्हणाली, "भाऊजी, तुम्ही त्या भिंतीपाशी जाऊन उभे रहा. हात खिशात. मी विचारलं तरच बोलायचं."

तो खरंच जाऊन उभा राहिला. खिशातल्या हातांच्या मुठी पँटवरून दिसत होत्या. तिने चार वेळा चुकवलं, आणि प्रत्येक चुकीला तो एखाद्याचा दात उपटताना बघावा तसा डोळे मिटून घ्यायचा. मग तिने विचारलं, "आता सांगा." तो तिथूनच म्हणाला, "हात स्टेअरिंगच्या तळाशी धर. ट्रेलरचं बूड ज्या बाजूला जायला हवं, त्या बाजूला हात सरकव. थोडासाच. आणि कळेनासं झालं की थांब, उतरून बघ. उतरून बघण्यात कमीपणा नाही."

हे तिला पटकन जमलं. तिचं म्हणणं, आजवर कुणीतरी डावं-उजवं सांगत होतं म्हणूनच जमत नव्हतं. दोन महिन्यांत ती ट्रेलर गोदामाच्या दोन खांबांच्या मधून मागे न्यायला लागली. सामान भरायचं काम तिने धाकट्या मामाला दिलं, आणि भरून झालं की त्याने मधल्याला प्रत्येक गोष्ट कुठे आणि का, हे तोंडी सांगायचं. पहिल्यांदा धाकटा तोंड वेंगाडून पाढे म्हटल्यासारखं म्हणाला. मधला म्हणाला, "गॅसची टाकी बंद केली का ते राहिलं." धाकटा जाऊन बघून आला. ती बंद नव्हती. त्यानंतर तोंड वेंगाडणं थांबलं. दोघं भाऊ परत नीट बोलायला लागले ते असे, सिलिंडरच्या चावीवरून.

पुढच्या सुट्टीत निघालो. जीप मामी चालवत होती, शेजारी मधला, मागच्या सीटवर मी. धाकटा पोरांना घेऊन दुरुस्त केलेल्या गाडीतून मागोमाग. ठरलं असं होतं की पोचल्यावर मधला ट्रेलर लावून देईल आणि बसने परत जाईल.

रस्ताभर मधल्याचा उजवा पाय समोर नसलेला ब्रेक दाबत होता. मामीने ते पाहिलं. मोकळ्या सपाट रस्त्यावर एक बस जोरात बाजूने गेली आणि जीपला मागून हलका हिसका बसला. मग दुसरा. आरशात ट्रेलरची कड आत-बाहेर होताना दिसली. मधल्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. मामीने अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला, स्टेअरिंग सरळ ठेवलं, ओठ घट्ट मिटले. जीप हळू होत गेली. हिसके लहान झाले आणि विरून गेले.

मधल्याने हात मांड्यांखालून बाहेर काढले. मग मधला म्हणाला, "टायरमध्ये हवा बघू पुढच्या थांब्यावर. आणि एवढा वेग नको." थोडं थांबून, "बाकी बरोबर केलंस."

मामी हसली नाही. रस्त्यावरची नजर न काढता तिने विचारलं, "भाऊजी, एक विचारू? तुम्ही कधी राहिला का नाहीत आमच्याबरोबर? खरंच आवडत नाही?"

"तसं काही नाही."

"मग?"

त्याने खिडकीची काच थोडी खाली केली, परत वर केली. "कुणी रहा म्हणालं नाही."

तक्रारीचा सूर नव्हता त्यात. लिफ्टचा दोर कितव्या वर्षी बदलला हे सांगावं तसं त्याने सांगितलं. मी मागे बसून आठवत होते. चहा तरी घे, जेवून तरी जा, पाणी तरी पी, हे सगळं आमच्या घरातलं कुणी ना कुणी म्हणालं होतं. रहा, हे खरंच कुणी म्हणालं नव्हतं. मामीने डोळ्यांवरचा केस मागे सारला. तो केस डोळ्यावर आलेला मला दिसला नव्हता.

आम्ही तळ्याकाठच्या मैदानात पोचलो. मामीने उतरून जागा पाहिली, परत बसली, ट्रेलर मागे घेतला, पुन्हा उतरून पाहिलं आणि दुसऱ्या खेपेला बरोबर दोन झाडांच्या मध्ये आणून उभा केला. मधल्याने सवयीने ठोकळे लावले, बशी ठेवली, दार दोनदा उघडून मिटून पाहिलं. मग किल्ली मामीपुढे धरून म्हणाला, "निघतो. बस मिळेल."

"कशाला? रहा की."

"कपडे नाही आणले."

"यांचे घाला. पँट आखूड होईल, पण बघायला इथे आहेच कोण?"

धाकटा मागून आला होता. त्याने मधल्याच्या हातातली हत्यारांची पिशवी घेतली आणि न बोलता आत नेऊन पलंगावर ठेवली. मधला दारात उभा राहिला. मला वाटतं, त्याला आत जायला त्या वेळी खरंच जरा अवघड वाटत होतं. दुरुस्त करायला हजारदा आत शिरलेला माणूस, आता चपला काढून शिरत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून बाहेर आले तर तो पायरीवर बसला होता, धाकट्या मामाच्या आखूड पँटमध्ये, हातात चहाचा कप घेऊन. मी विचारलं, "झोप लागली का?"

"पलंग आखूड आहे. पाय बाहेर राहतात," तो म्हणाला. "आणि तो वरचा दिवा बरोबर डोळ्यावर येतो. इतकी वर्षं मी त्याचा बल्ब बदलतोय."

तेवढ्यात तळ्याकडून वारा आला आणि उघडं दार धाडकन आपटलं. तो दचकून उठला. धाकट्याचा मुलगा कुठूनसा एक चपटा दगड घेऊन आला, दाराखाली सारला आणि निघून गेला.

"हे काय?" मधल्याने विचारलं.

"दाराचा दगड," मी म्हटलं. "दर वर्षी लागतो. पोचलो की आधी दगड शोधायचा, ज्याचा सगळ्यांत चांगला बसेल तो वरच्या फळीवर झोपतो."

"दार आपटतं? आणि मला सांगितलं नाही कुणी?"

मामी आतून म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही कडी बसवली असती."

"मग? बसवायलाच हवी!"

"मग दगड कोण शोधणार?"

तो तिच्याकडे बघत राहिला. मग दाराकडे. बिजागरीवर बोट ठेवलं, थोडं ढकलून पाहिलं, आणि हात काढून घेतला. पुन्हा पायरीवर बसला. त्या आठवड्यात त्याने फक्त दिवा सरकवला, तोही मामीच्या परवानगीने. बाकीचा वेळ त्याला हातांचं काय करायचं ते कळत नव्हतं. पहिले दोन दिवस तो ट्रेलरभोवती फेऱ्या मारत होता, टायर दाबून बघत होता. नंतर मामीने त्याला पोरांबरोबर पाण्यात नेलं. पोहता येत नाही असं त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. कमरेइतक्या पाण्यात मामीने त्याला उताणा झोपवला, पाठीखाली हात धरला आणि काठावर बसलेल्या आम्हाला डोळ्यांनी गप्प राहायला सांगितलं. मग हात काढला. तो तरंगत होता. तोंड उघडं, डोळे आकाशाकडे, कान पाण्यात. त्याला कळलंही नव्हतं. कळलं तेव्हा गटांगळी खाल्ली आणि खोकत, शिंकत उभा राहिला. धाकटा इतका हसला की त्याला ठसका लागला. मधलाही हसत होता. त्याचे दात मी पहिल्यांदाच इतके सगळे पाहिले.

परत आल्यावर आई त्याला म्हणाली, "मला वाटायचं, तुला आवडत नाही."

"मलाही तसंच वाटायचं," तो म्हणाला.

पुढच्या वर्षी सुट्टीचे आठवडे वाटून घ्यायला आमच्याकडे जमलो. आई म्हणाली, पहिला माझा. धाकटा म्हणाला, दुसरा आमचा. आणि मधला चहा ढवळत, कुणाकडेही न बघता म्हणाला, "तिसरा मला हवा."

धाकटा म्हणाला, "म्हणजे, आमच्याबरोबर?"

"नाही. एकटा."

आईला पटेना. एकटा काय करणार, आजारी पडला तर, खाणार काय. मामी तिला म्हणाली, "ताई, जाऊ द्या त्यांना." निघायच्या दिवशी मामी गोदामामागे हजर होती. त्याने दांडा जोडला, तिने उचलून बघितला. त्याने साखळ्या लावल्या, तिने खाली वाकून पाहिल्या. ट्रेलरमागे उभी राहून ती ओरडली, "डावा लागतोय! उजवा लागतोय!" तो हात हलवून निघून गेला.

तेव्हापासून तो दर वर्षी जातो. निवृत्त झाल्यावर वर्षातून दोनदा, कधी तीनदा. तिथे काय करतो हे नीटसं कुणालाच माहीत नाही. थोडं पोहतो, म्हणे. एकदा माझ्या मुलीला घेऊन गेला होता, तर परत आल्यावर ती म्हणाली, "आजोबा काहीच करत नाहीत. छान वाटतं." ट्रेलर ओढायला आता मला येतो, मामीला येतो, तिच्या मुलाला येतो. धाकट्या मामाला येतो, पण तो सामान भरण्यातच खूश आहे आणि त्या विषयावर आता कुणालाही व्याख्यान देऊ शकतो.

गेल्या वर्षी मधल्याचा आठवडा आमच्या आधी होता. शनिवारी त्याने ट्रेलर परत आणायचा, रविवारी आम्ही निघायचं. शनिवार संध्याकाळ झाली, त्याचा पत्ता नाही. ज्या माणसाने आयुष्यात कुणाला दहा मिनिटं ताटकळत ठेवलं नाही, तो नाही. आईचा जीव टांगणीला लागला. तिने फोन लावला, तो स्पीकरवर टाकला.

"कुठे आहेस तू?"

"तळ्यावर."

"अजून? काय झालं? टायर गेला का? बेअरिंग?"

"नाही."

"मग काय बिघडलंय?"

पलीकडून वाऱ्याचा आवाज आला, आणि मग दार आपटल्याचा.

"काही बिघडलं नाही, ताई," तो म्हणाला. "अजून दोन दिवस राहीन म्हणतो. चालेल ना?"

आई माझ्याकडे बघायला लागली. आमचं सामान दारात भरून ठेवलेलं होतं.

"चालेल," आई म्हणाली. "रहा."